पतपुनर्बांधणी (कर्जतडजोडीनंतरची)

थकीत कर्जाचा तडजोडीने निपटारा झाल्यानंतर नवी खाती नियमितपणे चालवून कर्जदाराने आपली पत पुन्हा प्रस्थापित करणे, यास पतपुनर्बांधणी असे म्हणतात. भारतात ही प्रक्रिया प्रामुख्याने पतमाहिती कंपन्यांकडील नोंदी आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचे नियम यांवर अवलंबून असते. तडजोडीने देणे संपते. मात्र त्याची नोंद राहते.

पार्श्वभूमी

पूर्वी कर्जदाराची पत सावकाराच्या वहीत आणि गावाच्या स्मरणात असे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जखते जाळली, कारण ऋणाचा पुरावा त्या कागदांतच होता. आजची नोंद एका वहीत नसते. २००० साली सिबिल ही भारतातील पहिली पतमाहिती कंपनी स्थापन झाली आणि २००५ च्या अधिनियमाने या व्यवसायाला कायदेशीर चौकट मिळाली. सध्या ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्या कार्यरत आहेत.

पुण्यातील खराडी हे १९९७ साली महानगरपालिकेत समाविष्ट झालेले गाव ईऑन आयटी पार्कसारख्या संकुलांमुळे बाहेरगावच्या नोकरदारांची वसाहत बनले. अशा ठिकाणी कर्ज देणारा आणि घेणारा परस्परांना ओळखत नसल्याने ओळखीची जागा ३०० ते ९०० या मर्यादेतील गुणांकाने घेतली आहे.

नोंदीचे स्वरूप

एक लाख रुपयांच्या थकबाकीपोटी बँकेने साठ हजार रुपये स्वीकारून उरलेली रक्कम सोडून दिल्यास, त्या खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. पूर्ण फेड झालेल्या खात्यावर ‘क्लोज्ड’ असे लिहिले जाते. पहिला शेरा नव्या कर्जदात्याला सावध करतो. सोडलेली रक्कम नंतर भरल्यास काही संस्था शेरा बदलून देतात. तथापि त्याबाबत लेखी संमती आधी घेणे आवश्यक ठरते. जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसत असल्यामुळे तडजोडीची झळ त्यालाही पोहोचू शकते.

प्रतीक्षा आणि नवी खाती

रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकानुसार, तडजोड झालेल्या कर्जदाराला नवे कर्ज देण्यापूर्वी किमान १२ महिन्यांचा अवधी जावा लागतो. शेतीकर्जाबाबतचा अवधी संस्थेचे संचालक मंडळ ठरवते.

त्यानंतर सामान्यतः तारणावर आधारित खात्यापासून आरंभ केला जातो. मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड आणि सोनेतारण कर्ज ही त्याची प्रचलित रूपे होत. कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये असल्यास वापर सुमारे १५,००० रुपयांच्या आत, म्हणजे तीस टक्क्यांपर्यंत ठेवावा, असा संकेत आहे. देयकातील केवळ किमान रक्कम भरल्यास खाते थकीत होत नाही, परंतु उरलेल्या रकमेवर व्याज चढत जाते. थोड्या काळात अनेक संस्थांकडे अर्ज केल्यास प्रत्येक चौकशीची नोंद होऊन गुणांक घटू शकतो.

भिशीतील वर्गणी अहवालात येत नाही. पतमाहिती कंपनीची सदस्य नसलेल्या पतसंस्थेकडील वेळेवर भरलेले हप्तेही अहवालात दिसत नाहीत. त्यामुळे प्रामाणिक फेड होऊनही पत वाढल्याचे दिसत नाही.

चुकांची दुरुस्ती

प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तडजोड पूर्ण झाल्यावरही थकबाकी दिसत असल्यास कर्जदाता किंवा पतमाहिती कंपनीकडे तक्रार करता येते. ३० दिवसांत तिचे निराकरण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून लागू आहे. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. जानेवारी २०२५ पासून कर्जदात्यांनी दर पंधरवड्याला माहिती अद्ययावत करावी, असा नियम लागू झाला.

खरी नोंद शुल्क घेऊन पुसून देण्याचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थांना तसा कोणताही अधिकार नसतो. दुरुस्ती केवळ चुकीच्या नोंदीची होते. खऱ्या नोंदीचा प्रभाव पुढील नियमित भरण्यांनीच क्रमाक्रमाने कमी होत जातो.