कष्टकऱ्याची पाठ

हमालाने पोते उचलले की पोत्याचे वजन वहीत चढते आणि मजुरीही चढते. त्याच्या पाठीची झीज लिहावयाची वही मात्र अजून कोणी घातलेली नाही. ती का घातली गेली नाही, हाच आमचा आजचा विषय आहे.

कष्टाने अंग दुखावते हे वैद्यकाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. इटलीतील मोदेना येथे १७०० साली रामाझ्झिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला त्याचा धंदा कोणता हे अवश्य विचारा, असे त्याने वैद्यांना बजावले. आणि अवघडून काम करणे हे रोगाचे एक मोठे कारण म्हणून दाखवून दिले. उपचारही फार मागे राहिला नाही. १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायामविद्येची संस्था काढली. १८९४ मध्ये लंडनच्या चार परिचारिकांनी मर्दनोपचार करणाऱ्यांचा संघ स्थापला. यांतून फिजिओथेरपीचा व्यवसाय उभा राहिला. परंतु त्याला खरा राजाश्रय मिळाला तो पहिल्या महायुद्धात, कारण जखमी शिपाई पुन्हा उभा करावयाचा होता. गोदीतल्या मजुरासाठी सरकारची थैली तशी सुटली नव्हती.

आपल्याकडे १९५२-५३ च्या सुमारास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. निमित्त पोलिओच्या साथीचे होते. लुळ्या पडलेल्या मुलांना चालते करणे हे थोर काम. त्याविषयी आम्हांला कृतज्ञताच वाटते. पण हे रुग्णालय परळला आहे, गिरणगावाच्या ऐन मध्यावर! भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर ही विद्या शिकवली जात होती. आणि साच्यापाशी उभे राहून जन्म काढलेले जे वडीलधारे आम्ही पाहिले, ते कमरेला बाम चोळीतच निवृत्त झाले.

असे का व्हावे? कायद्याला अपघात दिसतो, झीज दिसत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या मूळ यादीत शिशाची विषबाधा होती, अँथ्रॅक्स होता, पाठदुखी नव्हती. बोट तुटले तर त्याला तारीख असते, साक्षीदार असतो. पाठ वीस वर्षांत वाकते; तिची तारीख कोणती सांगावी? असे गडी आमच्या कचेरीत येतात आणि दवाखान्याची चिठ्ठी दाखवतात: ‘विश्रांती घ्या.’ रोजंदारीवरच्या माणसाला ही चिठ्ठी म्हणजे उपासाचा हुकूमच होय.

विशेष हे की, तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीला नुसते पडून राहणे हे औषधच नव्हे. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, हालचालीची धास्ती बसते आणि दुखणे मुरते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये या दुखण्याविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात रोग्याला नीट समजावून सांगणे आणि पद्धतशीर व्यायाम यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन यांचा सरसकट वापर करू नये असे म्हटले आहे. म्हणजे यंत्रापेक्षा शिकवणारे माणूस येथे महत्त्वाचे. गरीब देशालाही परवडावा असा हा उपचार. पण अशा काही देशांत दहा लाख वस्तीमागे पुनर्वसनाचे शिक्षण घेतलेली दहा माणसेदेखील नाहीत, असे तीच संघटना सांगते.

अर्थात व्यायाम शिकवून हमालाला पुन्हा शंभर किलोच्या पोत्याखाली धाडणे म्हणजे फुटक्या घड्यात पाणी भरणे होय. एका पुरुषाच्या ओझ्यास ५५ किलोंची मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच सुचवली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो हमालांनी एकजुटीने झगडून मिळवला. ओझे हलके करणे आणि पाठ बळकट करणे, ही दोन्ही कामे एकाच लढ्याची आहेत.

आपल्या सर्वांच्या घरातले धान्य कोणाच्या तरी पाठीवरून आले आहे. म्हणून आमचे मागणे थोडके आहे. नगरपालिकेच्या दवाखान्यात, बाजार उठल्यानंतर, संध्याकाळच्या वेळी एक फिजिओथेरपिस्ट बसवावा. दिवसा बसवला, तर मजुरी बुडवून त्याच्याकडे कोण जाणार?