दख्खनचे पाणी, साबण आणि कोरडी त्वचा

दख्खनच्या पठारावरील घरगुती पाण्याचा इतिहास बहुतेक वेळा टंचाईचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पाणी किती होते, ते किती लांबून आणावे लागे, कोणत्या पाणवठ्यावर कोणाला मज्जाव होता, या प्रश्नांना अभ्यासकांनी योग्य ते महत्त्व दिले. मात्र घरात आलेले पाणी अंगाला कसे लागत होते आणि ज्या पदार्थाने अंग धुतले जाई त्याच्याशी त्या पाण्याचे जमत होते की नाही, हा प्रश्न सहसा बाजूला राहिला. स्नानाच्या जुन्या रीती, साबणाचा प्रसार आणि नळाचे पाणी यांचा विचार एकत्र केला, तर त्वचेच्या कोरडेपणाची तक्रार केवळ पाण्याची किंवा केवळ साबणाची नसून त्या दोहोंच्या गाठीची आहे, असे दिसते.

पठाराचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला असून त्यातील खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, दगडाच्या भेगांतून सावकाश सरकताना ही खनिजे विरघळवते आणि विहिरीत पोहोचेपर्यंत ज्याला लोक जड पाणी म्हणतात आणि पाठ्यपुस्तके दुष्फेन पाणी म्हणतात, तसे बनते. अशा पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि पाणी तापवण्याच्या तांब्याच्या बंबात पांढरा थर धरतो. घाटाखाली कोकणात चित्र वेगळे आहे. तेथील जांभा दगडातून मुसळधार पावसाने कॅल्शियम केव्हाच धुऊन नेलेले असल्यामुळे, खाडीकाठच्या खाऱ्या विहिरी वगळता, पाणी बहुधा हलके असते. याउलट विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा जो भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, तेथील भूजल क्षारांनी इतके भरलेले असते की ते पिण्यासही नकोसे वाटते. ‘महाराष्ट्राचे पाणी’ असे एकच एक पाणी नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

पाण्याचे गुण त्याच्या उगमावर ठरतात, ही जाण जुनी आहे. सुश्रुतसंहितेत पावसाचे, नदीचे, तळ्याचे, झऱ्याचे आणि विहिरीचे पाणी वेगवेगळे मानून त्यांचे गुणधर्म सांगितले आहेत आणि विहिरीच्या पाण्याला सक्षार, म्हणजे क्षारयुक्त, म्हटले आहे. स्नानापूर्वी अंगाला तेल चोळण्याचा, म्हणजे अभ्यंगाचा, उपदेश वाग्भटाने दिनचर्येच्या प्रकरणात केला आहे. व्यवहारात रोजचे अभ्यंग ज्यांना तेल परवडे त्यांच्यापुरतेच असावे. इतरांच्या घरी ते सणावारी, विशेषतः दिवाळीच्या पहाटे, होई. दिवाळी येते तीच मुळी पठारावरची हवा कोरडी होऊ लागते, हातपाय उलू लागतात आणि टाचांना भेगा पडू लागतात त्या सुमारास, त्यामुळे या सणाच्या तेलाला धार्मिक अर्थाखेरीज हवामानाचाही आधार होता.

तेलानंतर अंगाला लावले जाई ते उटणे किंवा डाळीचे पीठ, आणि केसांना शिकेकाई वा रिठा. उटण्यात नागरमोथा, आंबेहळद, वाळा, कचोरा, चंदन अशी द्रव्ये असत. पीठ अंगावरचे जादा तेल शोषून घेते आणि चोळताना मळ सुटतो. शिकेकाई आणि रिठा यांत सॅपोनिन नावाची फेस आणणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. ती मेदाम्लांपासून बनलेली नसल्यामुळे पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून साबणाप्रमाणे त्यांचा न विरघळणारा साका होत नाही. त्यामुळे जड पाण्यातही त्यांचे काम फारसे अडत नसे. मात्र एवढ्यावरून पूर्वजांना जलरसायन ठाऊक होते असे म्हणणे, जसे हल्ली उत्साहाने म्हटले जाते, इतिहासाला धरून नाही. हलक्या पाण्याच्या कोकणातही शिकेकाईच वापरली जाई; परिसरात जे उगवत होते ते वापरात आले आणि ते तेथल्या पाण्याला मानवले, इतकेच म्हणता येते.

साबणाचे तसे नव्हते. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार; जड पाण्यात त्याची गाठ कॅल्शियमशी पडली की फेसाऐवजी चिकट, करडा साका तयार होतो आणि तो बादलीला, केसांना आणि अंगाला धरतो. हा गुण इतका नेमका आहे की ॲबर्डीन येथील रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी 1841 च्या सुमारास पाण्याचा जडपणा मोजण्यासाठी साबणाचेच द्रावण वापरले: बाटलीतील पाण्यावर टिकाऊ फेस येईपर्यंत जितके द्रावण लागेल तितका जडपणा अधिक. म्हणजे जडपणाचे पहिले प्रचलित माप हे पाण्यात किती साबण वाया जातो याचेच माप होते. साबण न वापरणाऱ्या घराला ही अडचण डाळीपुरती आणि बंबापुरती होती.

लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण 1888 मध्ये भारतात आला आणि 1895 मध्ये लाइफबॉय आला. आरंभी साबणाविषयी सोवळ्या घरांत संशय होता, कारण त्यात जनावराची चरबी असे. अर्देशर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतर वनस्पती तेलापासून अंगाचा साबण बाजारात आणला आणि स्वदेशीच्या वातावरणात तो संशय बराचसा ओसरला. पुढे तर दिवाळीच्या अभ्यंगातही उटण्याशेजारी सुवासिक साबणाची वडी ठेवली जाऊ लागली.

याच सुमारास मोठ्या शहरांचे पाणीही बदलत होते, आणि हा योगायोग महत्त्वाचा आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी भुयारी नळातून केवळ उताराच्या बळावर शहरातील हौदांपर्यंत आणले गेले होते. तरी अनेक वाड्यांची रोजची भिस्त आडाच्या पाण्यावर असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईला विहार तलावाचे आणि पुण्याला खडकवासल्याच्या धरणाचे पाणी मिळू लागले. धरणात साठणारे पावसाचे पाणी दगडाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेले नसल्यामुळे विहिरीच्या पाण्यापेक्षा हलके असते. शहरी मध्यमवर्गाने साबण स्वीकारला तो बव्हंशी अशा हलक्या पाण्याच्या सोबतीने, आणि त्यामुळेच साबणाचा दोष त्याला फारसा जाणवला नसावा.

ही सोबत पुढे सुटली. 1972 च्या दुष्काळानंतर कठीण दगड फोडणारी वेधनयंत्रे मोठ्या प्रमाणावर आली, हातपंप बसले आणि उथळ विहिरींच्या जागी खोल बोअरवेल खोदल्या जाऊ लागल्या. दगडाशी अधिक काळ संपर्कात राहिलेल्या खोल पाण्यात अनेक ठिकाणी क्षारही अधिक असतात. शहरांच्या वेशीवर उभ्या राहिलेल्या वसाहतींना धरणाचे पाणी अपुरे पडले तेव्हा त्यांनीही बोअरवेल आणि टँकर यांचाच आधार घेतला. कपड्यांच्या बाबतीत ही अडचण उद्योगाने सोडवली, कारण 1959 मध्ये आलेल्या सर्फसारख्या डिटर्जंट पावडरींचे कॅल्शियमशी साबणाइतके वाकडे नसते. अंग मात्र साबणानेच धुतले जात राहिले, आणि डिटर्जंटमुळे घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या हातांची सालपटे निघू लागली.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर साबण अल्कधर्मी. जड पाण्यात साबण नीट धुऊन जात नाही, त्वचेवरील स्निग्धांश कमी होतो आणि आतील ओलावा लवकर उडून जातो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरच्या पाहणीत प्राथमिक शाळेतील मुलांचा इसब आणि पाण्याचा जडपणा यांचा संबंध आढळला. पण 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इसब असलेल्या 336 मुलांपैकी निम्म्यांच्या घरी पाणी मृदू करणारी यंत्रे बारा आठवडे बसवूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक गुण दिसला नाही. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅम जडपणा स्वीकारार्ह आणि पर्यायी स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालण्याजोगा धरला आहे. आज अनेक घरांत पिण्यापुरते पाणी शुद्धीकरण यंत्रातून गाळले जाते, तर न्हाणीघरात तेच बोअरचे पाणी येते. वस्तुतः हा जडपणा पोटापेक्षा कातडीलाच अधिक जाचतो. त्वचारोगतज्ज्ञ आता कमी अल्कधर्मी साबण वापरण्याचा आणि अंग ओलसर असतानाच स्निग्ध मलम लावण्याचा सल्ला देतात. जुन्या रीतीत स्निग्धता स्नानाच्या आधी येत होती. साबणाने ती धुऊन जाऊ लागल्यावर तिला स्नानाच्या नंतर जागा शोधावी लागली.