विपंथी उपदेशकाचा माग : बनियनचें उदाहरण

इ. स. १८४१ त हरि केशवजी यांनीं ज्याच्या ग्रंथाचें 'यात्रिकक्रमण' हें मराठी भाषांतर प्रसिद्ध केलें, तो जॉन बनियन इंग्लंडच्या राज्यमान्य चर्चबाहेरील पंथाचा उपदेशक होता. अशा पूर्वजाचा शोध करणाऱ्या वंशजानें केवळ त्या पंथाच्या चॅपेलचें दप्तर चाळून थांबूं नये, असें आमचें मत आहे. त्यास प्रमाण बनियनचेच कागद होत.

त्याच्या बाप्तिस्म्याची ३० नोव्हेंबर १६२८ ची नोंद एल्स्टो येथील राज्यमान्य चर्चच्या वहींत आहे. बेडफर्डच्या मंडळीनें त्यास पाळक निवडल्याचें मंडळीच्या वहींत आढळतें. ९ मे १६७२ चा उपदेशाचा परवाना सरकारी दप्तरांतला. पुढें त्यास पकडण्यासाठीं तेरा मॅजिस्ट्रेटांच्या सह्यांचा हुकूम निघाला. त्यांत तो पाळक नव्हे, भांडीं सांधणारा कारागीर आहे! 'पाळक' शोधणाऱ्या वंशजाच्या हातून हा कागद निसटावयाचा.

हुकुमावर ४ मार्च १६७४ अशी मिति आहे. परंतु इंग्लंडांत १७५१ पर्यंत वर्षारंभ २५ मार्चला होई. म्हणून आजच्या गणनेनें तें वर्ष १६७५ होय. हा भेद क्षुल्लक नव्हे. १६७४ धरल्यास परवाना चालू असतांनाच हुकूम निघाला असें ठरेल. वस्तुतः परवाने फेब्रुवारी १६७५ मध्यें रद्द झाले होते.

सारांश, छळ सोसलेल्या माणसाचें चरित्र छळणारांच्या दप्तरांतही शोधावें, आणि मिति ताडून पाहिल्यावांचून कोणताही निर्णय देऊं नये.