कागद, नोंदवही आणि ताबा : डोमेन कोणाचे, हे ठरते कसे?

आजचा धागा अमळनेरातून सुरू होतो आणि संगणकाच्या नोंदवहीपर्यंत जातो. वाट थोडी वाकडी आहे.

२९ डिसेंबर १९४५. महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तूप तयार करणारी कंपनी स्थापन केली. तीच आजची विप्रो. गावातील अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले. पण ट्रंकेतला शेअरचा कागद हा मालकीचा केवळ प्रथमदर्शनी पुरावा होय. कंपनी भागधारक मानते ते सभासदांच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याला. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदाशिवाय शेअर धारण करण्याची सोय झाली, आणि १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरची खरेदी-विक्रीने होणारी हस्तांतरणे बंद झाली. उरली ती नोंद.

कागद मोठा की नोंद, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा इनामदार सनदा घेऊन पुढे आले. सनद व शिक्का पाहून काम भागत नसे. पुण्याच्या पेशवे दप्तरात त्या इनामाची नोंद सापडते का, हे ताडून पाहिले जाई. तर्क सरळ होता. शिक्का नकली करता येतो, पण दुसऱ्याच्या ताब्यातील जुन्या दप्तरात मागाहून नोंद घुसवणे कठीण. या तर्काची किंमतही मोठी होती. पुरावा अपुरा ठरलेल्या अनेकांची इनामे गेली. माझ्या मते त्या काळच्या असंतोषाचे हे कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत फारच घाईने उरकले जाते.

आता इंटरनेटकडे येऊ. आरंभी जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये असत, आणि ती फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळी. म्हणजे एकच दप्तर, एकच दप्तरदार. नावे वाढली तसा हा कारभार झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिच्यात सुभा, परगणा, गाव अशी उतरंड आहे. मूळ दप्तर '.इन' किंवा '.कॉम'चे दप्तर कोठे आहे एवढेच सांगते. ते दप्तर तुमच्या डोमेनचे दप्तर कोठे आहे ते सांगते. आणि त्या शेवटच्या दप्तरात काय लिहायचे ते तुम्ही ठरवता.

सुरक्षा प्रमाणपत्राची सगळी मदार या शेवटच्या वाक्यावर आहे.

प्रमाणपत्र ब्राउझरला ग्वाही देते की ही चावी याच डोमेनची आहे. ते देणारी संस्था अर्जदाराला ओळखत नाही. त्याच्या गावी माणूस पाठवणेही तिला शक्य नाही. म्हणून ती एक यादृच्छिक अक्षरमाला देते आणि सांगते, ही तुझ्या दप्तरात लिहून दाखव. अर्जदार त्या मालेत आपल्या खात्याच्या चावीचा ठसा मिसळतो, त्यातून निघालेला मजकूर ठरलेल्या उपनावाखाली टीएक्सटी प्रकारच्या नोंदीत लिहितो, आणि संस्था डीएनएसला विचारून तो पडताळते. चावडीवर लावलेल्या नोटिशीप्रमाणे ही नोंद कोणीही वाचू शकतो. तरी ती चोरून उपयोग नाही, कारण ती एकाच खात्याच्या चावीला बांधलेली असते. 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेने २०१५ च्या अखेरीस ही पडताळणी स्वयंचलित व विनामूल्य करून सर्वांच्या हाती दिली. २०१९ मध्ये तिची पद्धत अधिकृत इंटरनेट मानक म्हणून नोंदली गेली.

पडताळणीला डावलून प्रमाणपत्र निघाले तर काय होते, याचे उदाहरण भारतातच आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या डोमेनांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. ती नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या यंत्रणेतून निघाली होती. ही यंत्रणाच भेदली गेली होती, असे भारताच्या प्रमाणन नियंत्रकांनी चौकशीअंती कळवले. शिक्का अस्सल, सनद मात्र खोटी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा वाटावा.

मात्र डीएनएसमधील नोंद सिद्ध करते तो ताबा. मालकी नव्हे. जमिनीच्या दाव्यात कब्जा आणि मालकी हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने संघीय नागरी कार्यालयांना आपापल्या डीएनएस नोंदी दहा कामकाजी दिवसांत तपासण्याचा तातडीचा आदेश दिला. हल्लेखोर डीएनएस सांभाळणाऱ्यांचे पासवर्ड मिळवून नोंदी बदलत होते, आणि दप्तर हाती आल्यावर त्या डोमेनांची वैध प्रमाणपत्रेही रीतसर मिळवू शकत होते. प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या तपासणीत काही चूक नव्हती. ज्याच्या हाती दप्तर, त्याला प्रमाणपत्र.

यावर उपाय शोधले गेले, तेही बव्हंशी नोंदींचेच. माझ्या डोमेनला अमुक संस्थेनेच प्रमाणपत्र द्यावे, अशी सीएए नावाची नोंद मालक आपल्या दप्तरात ठेवू शकतो, आणि सप्टेंबर २०१७ पासून ती पाहणे प्रमाणन संस्थांना बंधनकारक आहे. दिलेली प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवहीत चढवली जातात, त्यामुळे आपल्या नावाने कोणी भलतीच सनद काढली का, हे मालकाला पाहता येते. आणि मुदत घटते आहे. १५ मार्च २०२९ पासून प्रमाणपत्र फार तर ४७ दिवसांचे असेल, आणि डोमेनवरील ताब्याचा एकदा दिलेला पुरावा केवळ दहा दिवस चालेल.