धुराचा पंचनामा

26 जुलै 1943 रोजी लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारे करडे सावट उतरले, तेव्हा महायुद्धाच्या त्या धामधुमीत हा शत्रूनेच सोडलेला विषारी वायू असावा, अशी भीती अनेकांच्या मनात चमकून गेली. मागाहून संशय कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर गेला, तो काही काळ बंदही ठेवण्यात आला, आणि तरीही धुरके हटेना, तेव्हा फिर्याद आहे, पीडित आहेत, परंतु आरोपीचे नाव कोणत्याच दप्तरात नाही, अशा विलक्षण अवस्थेत ते शहर सापडले.

त्या आरोपीचा माग काढला तो अननसाच्या सुगंधाचे घटक शोधण्यात गढलेल्या एका रसायनज्ञाने. उट्रेख्ट येथे 1900 साली जन्मलेले आणि 1937 पासून पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापन करणारे आरी हागेन-स्मिट यांना फळाचा अत्यल्प गंध गोठवून पकडण्याची हातोटी साधली होती. तीच युक्ती त्यांनी गावच्या हवेवर चालविली आणि अतिशीत नळीतून ती खेचून घेतली, तेव्हा हाती लागले ते दुर्गंधी तपकिरी द्रवाचे थोडेसे थेंब. मोटारींच्या व तेलशुद्धीकरणाच्या धंद्यातून सुटणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व इतर दाहक द्रव्ये निर्माण होतात, हा त्यांचा सिद्धान्त 1952 साली विस्ताराने प्रसिद्ध झाला. तेल कंपन्यांच्या पैशाने चालणाऱ्या संशोधनाने त्यावर शंका घेतल्या, तरी वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला त्या हवेत पडणाऱ्या चिरा काही पुसता येईनात.

मला या हकिकतीतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते ती ही की, रेणूंना त्यांच्या द्रव्यमानावरून ओळखणाऱ्या ज्या यंत्राने पुढे पेट्रोलच्या धुराविरुद्ध साक्ष दिली, ते यंत्र तेलाच्याच पेढीवर वाढलेले होते. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत थॉमसन यांनी पाया घातला, 1919 मध्ये ॲस्टन यांनी त्यावर द्रव्यमान-वर्णपटलेखक उभारला. पण प्रयोगशाळेतील या दुर्मीळ वस्तूला बाजारात आणले ते पॅसाडेनाच्याच कन्सॉलिडेटेड इंजिनिअरिंग कंपनीने, आणि 1942 च्या सुमारास तिचे पहिले गिऱ्हाईक ठरली अटलांटिक रिफायनिंग ही तेलकंपनी. निर्वात पोकळीत शिरलेल्या रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करावा, तो विद्युद्भारित होऊन फुटावा, त्याचे तुकडे चुंबकीय क्षेत्रातून वळावेत, हलके अधिक आणि जड कमी, आणि त्या तुकड्यांच्या प्रमाणावरून मूळ रेणूची ओळख पटावी, अशी या यंत्राची रीत. परंतु तेल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांची खिचडी. सर्वांच्या खुणा एकमेकींवर पडत, आणि त्या सोडविण्यासाठी अनेक चलांची समीकरणे एकदम मांडावी लागत. ते हिशेब हाताने करणे इतके जाचक होते की, आद्य इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांपैकी एकाच्या रचनेत आटानासॉफ यांचे साहाय्यक असलेले क्लिफर्ड बेरी यांनी या कंपनीत येऊन खास त्यासाठीच एक गणकयंत्र तयार केले.

1951 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सचे मार्टिन शेफर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी लॉस एंजेलिसची हवा गोठवून, तिचे अंश अलग करून याच यंत्रापुढे ठेवले. थोड्याच वर्षांत प्रत्यक्ष मोटारीच्या सायलेन्सरमधून निघणारा वायूही त्यात सोडण्यात आला. येथे अडचणी कमी नव्हत्या. नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि एथिलीन या तिघांचेही स्थूल द्रव्यमान 28. तेव्हा निरुपद्रवी हवा, प्राणघातक वायू आणि धुरक्याला खतपाणी घालणारे इंधनाचे अवशेष एकाच ठिकाणी येऊन उभे राहत, आणि दशांशापुढील सूक्ष्म फरक ओळखण्याइतकी तीक्ष्ण दृष्टी यंत्राला येईपर्यंत आधी रासायनिक विलगीकरण करण्यावाचून गत्यंतर नसे. धुरातील बेंझो-ए-पायरीन आणि बेंझो-ई-पायरीन यांची कथा याहून अवघड: दोघांचेही द्रव्यमान 252, रेणूसूत्रही एकच, म्हणून यंत्र कितीही तीक्ष्ण असले तरी केवळ वजनावरून कर्करोगकारक म्हणून कुप्रसिद्ध असलेले पहिले दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. 1952 मध्ये जेम्स व मार्टिन यांनी मिश्रणातील घटक एकामागून एक सुटे करणारी वायु-वर्णलेखनाची पद्धत प्रसिद्ध केली, आणि त्याच दशकात डाऊ कंपनीच्या गोल्के व मॅकलॅफर्टी यांनी ती द्रव्यमानयंत्राला जोडली, तेव्हाच ही गर्दी रांगेत उभी राहिली.

कॅलिफोर्नियाने 1966 च्या मोटारींपासून धुरातील हायड्रोकार्बनांना मर्यादा घातली. त्याच वर्षी पुण्यात वाहन-संशोधनाची एआरएआय ही संस्था स्थापन झाली. पण आपल्याकडे पेट्रोल-गाड्यांच्या धुरातील हायड्रोकार्बनांवर देशव्यापी निर्बंध आले ते 1991 साली, आणि मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचे झाले 1995 मध्ये. माझी खंत वेगळी आहे. एका एका रेणूला नावानिशी हुडकण्यासाठी इतक्या माणसांनी आयुष्ये वेचली, आणि आज पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात पीयूसीचा दाखला मिळतो, तेव्हा त्यावर हायड्रोकार्बनांचा एकच गोळाबेरीज आकडा छापलेला असतो. त्यात बेंझिन किती, हे त्या कागदावरून कोणालाही कळत नाही.