लॅपटॉपच्या आधीचं वर्क फ्रॉम होम

आजचा एपिसोड कवठे महांकाळहून, माहेरच्या माडीवरून रेकॉर्ड करतेय. मधेच ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या, बेदाण्याचा सीझन आहे. आणि मुलगी उठली तर एपिसोड तिथंच थांबेल.

विषय तिच्यामुळंच सुचला. ती नऊ महिन्यांची आहे आणि माझ्यापुढं दोन रस्ते आहेत. एक, पुण्यातली जुनी नोकरी, पाच दिवस ऑफिसात. दुसरा, घरून कोडिंग, तासावर पैसे. पीएफ नाही, रजा नाही, काम आलं तर आलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमचं बरंय बाई, आता घरनं काम करता येतंय." आता? म्हटलं जरा मागं जाऊन बघू.

15 मार्च 1959. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणींनी पापड लाटले. भांडवल 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हेच पुढं लिज्जत पापड. आपल्याला जाहिरातीतला ससा आठवतो, पण मला भारी वाटते ती त्यांची कामाची रचना. पीठ मळायचं केंद्रात. सकाळी बाईनं यायचं, मळलेलं पीठ घ्यायचं, आदल्या दिवशी लाटलेले पापड द्यायचे, मजुरी घ्यायची आणि घरी जायचं. मग पोराला झोपवून लाटा नाहीतर दुपारी लाटा. तपासणी पापडाची होते, तुमच्या तासांची नाही. आमच्या क्षेत्रात याला फार मोठं नाव देऊन ट्रेनिंग घेतात.

पहिल्याच वर्षी अडचण आली. पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद. दुसऱ्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस पडो नाहीतर न पडो, काम चालू.

पण घरी लाटायला घर लागतं. चाळीतल्या एका खोलीत सहा माणसं असतील तर पापड पसरायचे कुठं? म्हणून लिज्जतमध्ये घरी पुरेशी स्वच्छ जागा आहे का ते बघतात. नसेल तर पीठ मळणं, पॅकिंग अशी केंद्रातली कामं असतात. आणि मुख्य म्हणजे लाटणारी बाई संस्थेची मालकीण असते. नफ्यातही वाटा, तोट्यातही.

तसा आधार नसला की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच भागाशी जोडलेलं आहे. सातारा-सांगली-कोल्हापूरकडची माणसं बायकापोरं गावी ठेवून मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांना जेवण घालायच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका. त्यांचंही काम घरातच, चूल आणि पोरं एकाच खोलीत. पण किराणा उधारीवर, वर व्याज. गिरणीत संप झाला की जेवणाऱ्यांचे पैसे थकायचे आणि बाईचं कर्ज वाढायचं. वेळ तिच्या हातात होती, पण तोटाही सगळा तिच्याच डोक्यावर. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पहिल्या गटात 14 जणी, आणि कर्ज सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचं.

आता कायदा, थोडक्यात. मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा 1929 मध्येच झाला. 1928 मध्ये विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघर आलं, पण 50 पेक्षा जास्त बायका कामाला असतील तरच. 1976 मध्ये हा आकडा 30 वर आणला. म्हणजे बायका कमी ठेवल्या की पाळणाघर नको! ही पळवाट 2017 च्या दुरुस्तीत बुजवली: 50 किंवा जास्त कर्मचारी, बाई-पुरुष सगळे धरून. त्याच दुरुस्तीत रजा 26 आठवडे झाली, आणि रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही आली. मात्र शब्द आहेत मालक 'देऊ शकतो' आणि अटी दोघांनी मिळून ठरवायच्या. 'दिलंच पाहिजे' असं नाही.

हे वाचल्यावर मी तासावरच्या कामाला लगेच होकार देणार होते तो थांबवलाय. त्यांना तीन प्रश्न पाठवलेत: काम नसलेल्या महिन्यात किमान किती पैसे? मुलगी आजारी पडली तर डेडलाईन कोण हलवणार? वर्षभरानं पूर्ण वेळ मागितला तर मिळेल का? आणि जुन्या ऑफिसला विचारलंय, आठवड्यात तीन दिवस घरून जमेल का, लेखी द्या. एचआरचा फोन आला होता. म्हणाले, "मॅडम, असं आधी कुणी लेखी मागितलं नाही."

आई खालून हाक मारतेय, म्हणजे उठली वाटतं. उत्तरं आली की पुढच्या भागात सांगते.