फोटोतला कचरा गेला कुठे?

परवा जुन्या मोबाइलमधले फोटो चाळत होतो. लग्नं, मुंजी, वेरूळची सहल... आणि मध्येच कचऱ्याचा एक ढीग! बायको म्हणाली, "हा कशाला जपून ठेवलाय?" म्हटलं, राहू दे, इतिहास आहे तो.

फोटो 2017 चा, आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचा. तेव्हा आमचं गाव औरंगाबाद होतं; छत्रपती संभाजीनगर झालं ते 2023 साली. केंद्र सरकारचं 'स्वच्छता' ॲप 2016 मध्ये आलेलं. फोटो काढायचा, जागा फोनच सांगणार, तक्रार महापालिकेकडे जाणार. दोन दिवसांत ढीग गायब! अण्णांना खरंच वाटेना. त्यांच्या लेखी तक्रार म्हणजे दोन प्रतींत अर्ज. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का मारून घ्यायचा आणि ती फाइलला लावायची. पुढे काही होवो न होवो, शिक्का तरी मिळाला!

कल्पना तशी जुनीच. मुंबईत 'प्रजा' संस्थेच्या मदतीने 2003 च्या सुमारास महापालिकेने ऑनलाइन तक्रारी घ्यायला सुरुवात केली. 2007 साली ब्रिटनमध्ये 'फिक्समायस्ट्रीट' ही वेबसाइट निघाली. तिथे नकाशावर खड्डा दाखवायचा. तक्रार तिथल्या पालिकेकडे जाते आणि सगळ्यांना दिसतेही. वर चार आठवड्यांनी तक्रारदारालाच विचारतात, झालं का काम? हे मला फार आवडलं. काम झालं की नाही हे साहेबांनी नाही, ज्याच्या दारात खड्डा आहे त्यानं सांगायचं.

असो. तर आमचा ढीग उचलला गेला, मी खूश झालो. तो गेला कुठे, हे मात्र माझ्या मनातही आलं नाही.

तो गेला नारेगावला. काही दशकं सगळ्या शहराचा कचरा तिथेच जात होता. धूर, माशा, दुर्गंधी, सगळं त्या लोकांच्या वाट्याला. 16 फेब्रुवारी 2018 ला तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या लोकांनी गाड्या अडवल्या. रोजचा 400 टनांहून जास्त कचरा शहरातच अडकला. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. दुसरी जागा शोधत गाड्या मिटमिट्याला गेल्या, तिथे 7 मार्चला दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. इथल्या मंडळींना ते दिवस आठवत असतील.

आमच्या कोपऱ्यावर पुन्हा ढीग साचला, पहिल्यापेक्षा मोठा. मी सवयीने मोबाइल काढला, फोटोही काढला. पण पाठवणार काय? गाडी आली तरी ती रिकामी करायची कुठे?

मग त्या ॲपमधली तक्रारींची यादी नीट बघितली. कचऱ्याचा ढीग, न आलेली घंटागाडी, मेलेलं जनावर... सगळं होतं. 'आख्ख्या शहराचा कचरा आमच्या दारात येतो' हे काही नव्हतं. असतं तरी तक्रार जाणार कुणाकडे? कचरा टाकणाऱ्या महापालिकेकडेच. त्यातली काही गावं तर तिच्या हद्दीबाहेरची. गंमत म्हणजे त्या काळात 'स्वच्छ सर्वेक्षणा'त शहरांना या ॲपच्या वापराचेही गुण मिळत. म्हणजे माझ्या फोटोने शहराच्या गुणांत भर पडली असेल, नारेगावकरांना मात्र रस्त्यावर उभं राहावं लागलं.

ॲप वाईट, असं मला म्हणायचं नाही. बंद दिव्याचे, फुटलेल्या नळाचे फोटो मी आजही पाठवतो. दिवा लागला की प्रश्न तिथेच मिटतो. कचऱ्याचं तसं नाही. तो एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जातो, आणि आपल्याला वाटतं प्रश्न सुटला. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रं उभी करायचं ठरलं, ते या सगळ्यानंतर. आमच्या घरात ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या आल्या त्याही तेव्हाच. आधी का नाही आणल्या, असं अण्णांनी विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या दारातला ढीग उचलला गेला तर आनंदच आहे. फक्त गाडी कुठे जाते, तेवढं एकदा विचारून बघा. तो फोटो मी काही पुसलेला नाही.